कशापैकी किती? : उच्च प्राथमिक वर्गांतील संभाव्यतेचा परिचय आणि मराठी भाषा

१

गणिताच्या अध्यापनातील एखादा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घ्यावा, याचे काही वाचकांना नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु गणिताच्या ज्या शाखा नित्याच्या भाषेला अगदी लागून उभ्या आहेत, त्यांत संभाव्यतेची गणना प्रथम करावी लागेल. वर्गमूळ किंवा बहुपदी यांविषयी मूल शाळेत काही शिकण्यापूर्वी त्याच्यापाशी फारशी भाषा नसते. अनिश्चिततेविषयी मात्र ती विपुल असते. मृग बरसेल काय, एस. टी. वेळेवर येईल काय, परीक्षेत अमुक धडा विचारतील काय, या प्रश्नांची उत्तरे देताना दहा-बारा वर्षांचे मूल 'नक्की', 'बहुतेक', 'कदाचित', 'एखादे वेळी' या शब्दांची निवड सहसा चुकत नाही. ही आयती भाषा शिक्षकाला साहाय्यक होते की तिच्यातूनच त्याच्या अडचणी उद्भवतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बालभारतीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इयत्ता दहावीच्या गणित भाग १ या पुस्तकात 'संभाव्यता' हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्या प्रकरणाची सूत्रे अवघड नाहीत; अपूर्णांक येणाऱ्या कोणालाही ती वापरता येतात. अवघड आहे ती त्यामागील कल्पना, आणि तिची पूर्वतयारी सहावी ते आठवीच्या वयातच व्हावयास हवी. झां पियाजे व बार्बेल इनहेल्डर यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यदृच्छेची कल्पना मुलांच्या मनात क्रमाक्रमाने कशी घडते याची चिकित्सा केली आणि शक्य जोडण्यांची पद्धतशीर मोजणी किशोरावस्थेच्या उंबरठ्यावर साधू लागते असे दाखविले. एफ्राइम फिशबाइन यांनी १९७५ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली. अनिश्चिततेचा अंतर्ज्ञानाधिष्ठित बोध लहान मुलांतही असतो. मात्र त्याला योग्य वेळी वळण न लागल्यास तो पुढील शिक्षणाशी झगडू लागतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे.

विवेचनाला एक निश्चित भूमी असावी म्हणून नांदेड जिल्ह्यातील मुखेडचा परिसर येथे समोर ठेवला आहे. याला दोन कारणे आहेत. पहिले असे की हा मुलूख पावसाच्या भरवशावर जगणारा आहे आणि येथे अनिश्चितता हा घराघरातील संभाषणाचा विषय आहे. दुसरे असे की कर्नाटक व तेलंगण यांच्या सीमा येथून दूर नाहीत. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. एकाच वर्गात मराठीबरोबर दखनी उर्दू, तेलुगू, कन्नड किंवा गोरमाटी बोलणाऱ्या घरांतील मुले एकत्र बसणे या भागात अपवादात्मक नाही. भाषेचा प्रश्न अशा वर्गात अधिक स्पष्टपणे दिसतो.

२

प्रथम मराठीची स्वतःची व्यवस्था पाहू. मराठीत अनिश्चितता केवळ क्रियाविशेषणांनी व्यक्त होत नाही. ती क्रियापदाच्या रूपातच गुंफलेली असते. 'पाऊस येणार' आणि 'पाऊस येईल' या दोन वाक्यांत काळ एकच आहे, पण पहिल्यात वक्त्याची खात्री अधिक आहे. 'पाऊस पडला असेल' हे केवळ अनुमान. 'पाऊस पडला असावा' यात मात्र अनुमानाला काही आधार आहे, ओली माती दिसली आहे किंवा गार वारा सुटला आहे. विध्यर्थी रूपाच्या अर्थांत आपले व्याकरणकार कर्तव्य, इच्छा व योग्यता यांच्या जोडीला शक्यता आणि तर्क यांचीही गणना करतात. म्हणजे पुराव्याच्या बळानुसार विधानाची धार कमी-अधिक करण्याचे कौशल्य मराठी मुलाला व्याकरणाबरोबरच लाभलेले असते.

तथापि या व्यवस्थेत एक खाच आहे. 'शक्य' हे विशेषण 'शक्' या धातूपासून आले असून त्याचा मूलार्थ 'करता येण्याजोगे' असा आहे. ते द्विमूल्य आहे: गोष्ट शक्य असते किंवा अशक्य असते. 'अधिक शक्य' हा प्रयोग मराठी कानाला खटकतो. त्याच शब्दापासून झालेले 'शक्यता' हे नाम मात्र तरतमभाव सहज स्वीकारते. शक्यता दाट असते, धूसर असते, वाढते, मावळते. एकाच शब्दकुळात विशेषण 'होय किंवा नाही' अशा स्वरूपाचे आणि नाम 'कमी किंवा जास्त' अशा स्वरूपाचे आहे. प्रौढ वक्ता ही दोन्ही अंगे नकळत सांभाळतो. मुलाला मात्र प्रश्न विचारला की फाशावर सहा पडण्याची शक्यता किती, तर विशेषणाचा अर्थ नामावर चढतो आणि उत्तर येते: पडेल नाहीतर पडणार नाही, म्हणजे निम्मी-निम्मी.

हा दोष केवळ मराठी मुलांचा नव्हे. सर्व निष्पत्ती सारख्याच संभाव्य मानण्याच्या प्रवृत्तीचे विवेचन मारी-पॉल लकूत्र यांनी १९९२ मध्ये केले असून ती प्रौढ विद्यार्थ्यांतही आढळते. तेव्हा भाषा हे तिचे एकमेव कारण मानता येणार नाही. परंतु कारण काहीही असो, वर्गात ती प्रवृत्ती ज्या शब्दाच्या आश्रयाने व्यक्त होते, त्या शब्दाची दुहेरी वृत्ती शिक्षकाला ठाऊक असावी हे उघड आहे.

३

यावर उपाय म्हणून शास्त्राने 'संभाव्यता' ही वेगळी संज्ञा योजली, हे योग्यच झाले. शेजारच्या भाषांनीही आपापल्या परीने हा प्रश्न सोडविला आहे. तेलुगूत 'संभाव्यत', कन्नडात 'संभवनीयते' हे मराठीचे सख्खे शब्द आहेत. हिंदीने 'प्रायः' पासून 'प्रायिकता' घडविली. तीत पुष्कळदा घडण्याची, म्हणजे वारंवारतेची सूचना आहे. उर्दूतील 'एहतिमाल' हा शब्द 'वाहणे, पेलणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. जे अर्थाला पेलवते ते संभवनीय, अशी त्यामागील कल्पना दिसते. १९१८ मध्ये हैदराबादेत सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात गणितासह सर्व विद्या उर्दूतून शिकविल्या जात. म्हणजे देशी भाषेतून उच्च गणित शिकविण्याचा प्रयोग ज्या राज्यात झाला, त्याच राज्याचा मुखेड हा एक भाग होता.

परंतु संज्ञा शुद्ध असली म्हणजे ती मुलाच्या मनात शुद्धच उतरते असे नाही. 'संभाव्य' हा शब्द मुलाच्या कानावर पडतो तो 'संभाव्य उमेदवार' किंवा 'संभाव्य पाणीटंचाई' अशा प्रयोगांतून. तेथे त्याचा अर्थ 'अपेक्षित' एवढाच असतो. 'यादृच्छिक' या शब्दात त्याला 'इच्छा' ऐकू येते आणि 'ऐच्छिक' किंवा 'यथेच्छ' यांच्या पंक्तीला तो त्यास बसवितो. वस्तुतः 'यद्' आणि 'ऋच्छा' या घटकांनी बनलेल्या 'यदृच्छा' या शब्दाने योजनेवाचून आपसूक घडून येणे सूचित होते. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी काल, स्वभाव व नियती यांच्याबरोबर जगाच्या कारणांच्या चर्चेत तिचा उल्लेख आहे. 'नमुना' म्हणजे बोलीत विक्षिप्त माणूस. 'अवकाश' म्हणजे सवड किंवा आकाशापलीकडील पोकळी. त्यामुळे 'नमुना अवकाश' या जोडशब्दाने मुलापुढे कोणतेच चित्र उभे राहत नाही.

सर्वांत कुतूहलाचा शब्द 'घटना' हा आहे. नित्याच्या मराठीत घटना घडून गेलेली असते. वर्तमानपत्रात छापतात ती घटना. संभाव्यतेच्या शास्त्रात मात्र फासा टाकण्यापूर्वीच 'सम संख्या मिळणे' ही घटना अस्तित्वात असते आणि ती कधीही न घडली तरी घटनाच राहते. 'न घडलेली घटना' हा शब्दप्रयोग व्यवहारात वदतोव्याघात ठरेल; शास्त्रात तो सर्वथा निर्दोष आहे. हा भेद शिक्षकाने एक वाक्य खर्चून सांगितला नाही, तर पुढील सर्व व्याख्या मुलाला पाठ होतात पण उमगत नाहीत.

म्हणून या लेखाची पहिली सूचना अशी की उच्च प्राथमिक वर्गात परिभाषेची घाई करू नये. तिच्या आधी मुलाच्या भाषेतच असा एखादा शब्द शोधावा, की ज्याच्या आधाराने 'होय की नाही' या प्रश्नाकडून 'किती' या प्रश्नाकडे जाता येईल.

४

तसा शब्द मराठीत आहे, आणि तो कोणत्याही परिभाषा कोशात शोधावा लागत नाही. तो म्हणजे 'पैकी' हे शब्दयोगी अव्यय. 'दहांपैकी सात', 'शंभरांपैकी चाळीस' या रचनांत संभाव्यतेचे संपूर्ण गणित बीजरूपाने आले आहे: एक समुदाय, त्या समुदायातील एक भाग, आणि दोहोंचे गुणोत्तर. 'शक्यता किती?' असे न विचारता 'कशापैकी किती?' असे विचारले की मुलाला दोन गोष्टी सांगाव्याच लागतात. 'कशापैकी' याचे उत्तर म्हणजेच नमुना अवकाश. 'किती' याचे उत्तर म्हणजे घटनेला अनुकूल निष्पत्तींची संख्या. फाशाच्या सहा बाजूंपैकी सहाचा अंक एकाच बाजूवर आहे, हे एकदा मुलाने उच्चारले की 'निम्मी-निम्मी' हे उत्तर त्याचे त्यालाच टिकवता येत नाही.

बहुभाषिक वर्गात या युक्तीचा आणखी एक लाभ आहे. उर्दूत 'दस में से सात', तेलुगूत 'पदिलो एडु', कन्नडात 'हत्तरल्लि एळु' अशी समांतर रचना तयारच असते. संज्ञा भाषेगणिक बदलतात. 'समुदायातील भाग' ही रचना मात्र येथील प्रत्येक घराच्या बोलीत आहे. गर्ड गिगरेंझर आणि उलरिख हॉफ्राग यांनी १९९५ मध्ये दाखविले की टक्केवारीत मांडलेली संभाव्यतेची उदाहरणे 'इतक्यांपैकी इतके' अशा नैसर्गिक वारंवारतेच्या रूपात मांडली असता लोक ती कितीतरी अधिक अचूकपणे सोडवितात. आपल्या भाषेत त्या रूपासाठी एक सुटसुटीत अव्यय सिद्ध आहे.

येथे भारतीय प्रमाणचर्चेतील एका गोष्टीचे स्मरण होते. न्यायसूत्रांत चार प्रमाणांहून अधिक प्रमाणे मानणाऱ्यांचा पूर्वपक्ष मांडताना ऐतिह्य, अर्थापत्ती व अभाव यांच्याबरोबर 'संभव' हे प्रमाण उल्लेखिले आहे. त्याचे वात्स्यायनाने दिलेले उदाहरण मापांचे आहे: द्रोण असल्याचे कळले की त्यात आढक असल्याचे कळते, कारण मोठ्या मापात लहान माप अंतर्भूतच असते. हा संभव म्हणजे आधुनिक संभाव्यता नव्हे. तेथे निश्चित ज्ञानाचा विचार आहे, अनिश्चिततेचा नाही. तरीही 'संभव' या शब्दाखाली एकेकाळी अखंड आणि अंश यांचा संबंध विचारात घेतला गेला होता, आणि आजच्या 'संभाव्यते'चे गणितही त्याच संबंधावर उभे आहे, हा योग लक्षणीय आहे.

५

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. द्यूताच्या कलंकामुळे फासे आणि पत्ते वर्गात आणण्यास पुष्कळ शिक्षक व पालक नाखूष असतात. वास्तविक या शास्त्राचा जन्मच खेळातून झाला. अर्धवट मोडलेल्या डावातील पैशांची वाटणी कशी करावी, या प्रश्नावर १६५४ मध्ये पास्काल आणि फेर्मा यांच्यात झालेला पत्रव्यवहार हा त्याचा आरंभ मानला जातो. महाभारतातील नलोपाख्यानातही राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडावरील फळापानांची संख्या पाहताक्षणी सांगतो आणि नलाला अक्षविद्या देतो. मोजणीची विद्या आणि फाशांची विद्या एकाच पुरुषाच्या ठायी असणे कथाकाराला स्वाभाविक वाटले. तरीही पालकांचा संकोच अनाठायी म्हणता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे चिंचोके.

फोडलेल्या चिंचोक्यांचे चार अर्ध किंवा चार कवड्या टाकून पटावर सोंगट्या चालविण्याचा बैठा खेळ या भागाला परिचित आहे; सीमेपलीकडील तेलुगू मुलखात त्याला 'अष्टाचम्मा' म्हणतात. जितक्या अर्धांची पांढरी बाजू वर, तितके दान; एकही पांढरी बाजू वर नसेल तर आठ. चार आणि आठ या दानांना मान असतो व ते पडल्यास पुन्हा टाकावयास मिळते. 'दान' हा शब्द येथे ध्यानात घ्यावा. पुस्तकात ज्याला 'निष्पत्ती' म्हटले आहे, त्याच्या जवळपासची कल्पना खेळणाऱ्यांच्या भाषेत या शब्दाने आधीच रुजविली आहे.

शिक्षकाने प्रथम एवढेच विचारावे: दाने पाच आहेत, सर्व सारखीच पडतात काय? मुलांनी गट करून शंभर वेळा टाकावे आणि फळ्यावर नोंद करावी. दोनचे दान वारंवार आणि चार किंवा आठ क्वचित, असा अनुभव येईल. का, हे समजण्यासाठी चिंचोके बाजूला ठेवून चार नाणी घ्यावीत आणि त्यांना क, ख, ग, घ अशी नावे द्यावीत. प्रत्येक नाण्याच्या दोन बाजू. म्हणून चार नाण्यांच्या एकूण मांडण्या २ × २ × २ × २ म्हणजे १६. चारही छापे ही मांडणी एकच. एकही छापा नाही, हीही एकच. एक छापा चार प्रकारांनी, तीन छापे चार प्रकारांनी. दोन छापे मात्र सहा प्रकारांनी येतात: कख, कग, कघ, खग, खघ, गघ. एक, चार, सहा, चार, एक, बेरीज सोळा. पाच दाने ही पाच सारख्या निष्पत्ती नव्हेत, तर सोळा सारख्या निष्पत्तींचे पाच असमान गट आहेत, हे मुलाला स्वतःच्या बोटांनी मोजून कळते. ज्या दानांना खेळाने मान दिला, ती सोळांपैकी एकदाच पडणारी आहेत, हेही त्याच्या ध्यानी येते.

सोळा ही संख्या येथे योगायोगाने मोठी उपकारक ठरली आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तरी 'सोळा आणे खरे' हा वाक्प्रचार मराठीतून गेलेला नाही. सोळा आणे म्हणजे पूर्ण खात्री. शून्य म्हणजे अशक्य. चार छापे पडण्याची संभाव्यता एक आणा, दोन छापे पडण्याची सहा आणे, आणि सर्व दानांची मिळून सोळा आणे. यावरून अपूर्णांकाकडे आणि टक्क्यांकडे जाणे सोपे आहे: एक आणा म्हणजे १/१६, शंभरांपैकी सव्वासहा. पिकाच्या 'आणेवारी'ची 'पैसेवारी' झाली आणि पन्नास पैशांची रेषा गावोगाव परिचयाची झाली, याचाही दाखला द्यावा. मात्र पैसेवारी हे पिकाच्या उताऱ्याचे माप आहे, संभाव्यतेचे नव्हे, हा भेद त्याच तासाला स्पष्ट करावा. दोहोंत साम्य आहे ते पूर्णाच्या अंशाने मोजण्याच्या रीतीचे.

नंतर चिंचोक्यांकडे परतावे. नाण्याच्या दोन बाजू सारख्या मानता येतात; चिंचोक्याच्या अर्धाची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. ती सारखी पडतील असे मानण्यास आधार काय? समजा, पांढरी बाजू दहांपैकी सहा वेळा वर येते. तर चारचे दान शंभरांपैकी सुमारे तेरा वेळा आणि आठचे दान अवघे अडीच वेळा पडेल. सोळा आण्यांचा हिशोब येथे चालणार नाही. टाकून, मोजून, नोंदवूनच उत्तर मिळेल. संभाव्यतेच्या दोन वाटा, समसंभाव्य निष्पत्तींची मोजणी आणि दीर्घ प्रयोगातील वारंवारता, अशा रीतीने मुलासमोर एकाच खेळातून उभ्या राहतात. याकोब बर्नुली याच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने या दोन वाटांना जोडणारा सिद्धांत दिला. सातवीच्या वर्गाला त्याची सिद्धता नको. प्रयोग वाढवीत गेल्यास गुणोत्तर स्थिरावत जाते, एवढे फळ्यावरील नोंदींवरून दिसले तरी पुरे.

६

या सर्व खटाटोपाचे प्रयोजन परीक्षेतील गुणांपुरते नाही. हवामानाचा अंदाज आज प्रत्येक घरात पोहोचतो आणि तो उत्तरोत्तर संभाव्यतेच्या भाषेत दिला जातो. क्लिफर्ड कोनोल्ड यांनी १९८९ मध्ये दाखविले की 'पावसाची शक्यता ७० टक्के' हे विधान पुष्कळ लोक 'पाऊस पडणार' असेच ऐकतात, आणि पाऊस न पडल्यास अंदाज चुकला असे मानतात. 'कशापैकी?' हा प्रश्न येथेही कामास येतो. ज्या ज्या दिवशी हा आकडा दिला गेला, अशा दर दहा दिवसांपैकी सुमारे सात दिवशी पाऊस पडावा, असा त्या विधानाचा आशय आहे. एका कोरड्या दिवसाने तो खोटा ठरत नाही. अशा शंभर दिवसांची नोंद ठेवली तरच त्याची परीक्षा होते.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा आहे. भारतीय हवामान विभागाने एप्रिल २०२४ मध्ये देशात सरासरीच्या १०६ टक्के मोसमी पाऊस होईल असा अंदाज दिला. हे पावसाच्या राशीचे प्रमाण आहे. १९७१ ते २०२० या काळाची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर असून, १०६ टक्के हे त्या सरासरीशी गुणोत्तर आहे. ते शंभरांच्या वर जाऊ शकते. संभाव्यता मात्र सोळा आण्यांपलीकडे जाऊच शकत नाही. दोन्ही ठिकाणी चिन्ह एकच आणि संदर्भ एकच पाऊस, त्यामुळे प्रौढांचीही गफलत होते. शिवाय देशाच्या सरासरीवरून मुखेडच्या एखाद्या शिवाराचे भाकीत होत नाही. येथेही 'कशापैकी' हाच प्रश्न निर्णायक आहे.

पेरणी चार दिवस लांबवावी की उरकून घ्यावी, दुबार पेरणीचा धोका पत्करावा की नाही, हे निर्णय या मुलांच्या घरी दरवर्षी होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने लेंडी नदीच्या परिसरातील गावांत पूर शिरला आणि मनुष्यहानी झाली. गणिताच्या एका पाठाने पूर टळत नाहीत, हे सांगावयास नको. परंतु क्वचित घडणारे म्हणजे न घडणारे नव्हे, सोळांपैकी एक हे दानही पडतेच, ही समज ज्या समाजात रुजली आहे, तो समाज इशाऱ्याचा अर्थ निराळा लावतो. 'शक्यता कमी आहे' या वाक्याचा 'होणार नाही' असा अनुवाद करण्याची सवय मुळात भाषेची आहे आणि ती लहान वयातच बदलता येते.

समारोपादाखल एवढेच म्हणता येईल की संभाव्यतेच्या प्रथम परिचयाचा क्रम शब्दाकडून खेळाकडे, खेळाकडून मोजणीकडे आणि मोजणीकडून संज्ञेकडे असा असावा. 'बहुतेक', 'क्वचित', 'हमखास' या शब्दांची मुलांकडून प्रथम उतरंड लावून घ्यावी; मग दाने मोजावीत; मग 'पैकी' वापरून ती सांगावीत; आणि 'संभाव्यता' हे नाव सर्वांत शेवटी द्यावे. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात संग्रहाचे कामही मोठे आहे. अनिश्चितता दर्शविणारे बोलीतील शब्द, दानांची गावोगावची नावे आणि सीमाभागातील द्विभाषिक मुलांचे या संदर्भातील प्रयोग पद्धतशीरपणे नोंदविले गेल्यास पुढील पाठ्यपुस्तकांच्या लेखकांना त्यांचा उपयोग होईल. परिभाषा घडविणाऱ्यांनी संस्कृत कोशाइतकेच कान चिंचोक्यांच्या पटाकडेही द्यावेत, कारण तेथे हे शास्त्र मराठीत फार दिवसांपासून बोलले जात आहे.